संयुक्त भागधारक

सप्टेंबर महिन्यात, मुलुंडसारख्या घामट ठिकाणी, भर दुपारी स्वतःच्याच घरात कोट-टाय घालून बसणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. कोट फक्त वर. खाली चौकड्यांची लुंगी, आणि पायाशी टेबलफॅन, त्याचं तोंड लुंगीकडे. हे आमच्या समोरच्या दारातले दिगंबर मेस्त्री. आम्ही त्यांना मेस्त्रीकाका म्हणतो.

कोटाचं कारण असं की काका सभेला बसलेले असतात. कंपन्यांच्या वार्षिक सभा हल्ली व्हिडिओवर होतात. चेअरमन आपल्या घरी, संचालक आपापल्या घरी, भागधारक आपापल्या घरी. ज्याच्याकडे त्या कंपनीचा एक जरी शेअर असेल, तो आधी नाव नोंदवून सभेत दोन-तीन मिनिटं बोलू शकतो. बहुतेकांना हा हक्क आहे हेच माहीत नसतं. ज्यांना माहीत असतं त्यांना दुसरी कामं असतात. मेस्त्रीकाकांना माहीत आहे आणि दुसरं काम नाही. भांडुपच्या एका कारखान्यात स्टोअर्स सांभाळून ते निवृत्त झाले, त्यालाही आता बरीच वर्षं झाली. त्यामुळे सभांच्या हंगामात ते लग्नसराईतल्या भटजीसारखे असतात. सकाळी व्हॉल्व्ह, दुपारी वेफर्स, संध्याकाळी कुठलीशी रंगाची कंपनी.

मी विमा कंपनीत दावे तपासतो. म्हणजे लोकांवर विश्वास न ठेवण्याचा मला पगार मिळतो. निम्मा आठवडा घरून काम असतं, आणि आमच्या मजल्यावर दारं उघडी टाकायची पद्धत आहे, त्यामुळे काकांची भाषणं मला पाठ झाली आहेत. काका हेडफोन लावतात. पलीकडचं काही ऐकू येत नाही, फक्त काका ऐकू येतात, तेही सुरुवातीचं काहीतरी हळू पुटपुटून झाल्यावर.

'आदरणीय चेअरमनसाहेब, व्यासपीठावरचे मान्यवर संचालक, आणि देशाच्या कानाकोपऱ्यातून जोडले गेलेले माझे भागधारक बंधू-भगिनी...' व्यासपीठ कुठेच नसतं, पण काका ते घेतल्याशिवाय पुढे जात नाहीत. भाषा हिंदी, मधे मधे इंग्रजी, अडलं की मराठी. मग वार्षिक अहवाल वेळेवर पाठवल्याबद्दल कंपनीच्या सचिव विभागाचं कौतुक. मग मुखपृष्ठावरच्या चित्राचं कौतुक. मग चेअरमनच्या तब्येतीची चौकशी. मुद्द्यावर येईपर्यंत वेळ संपलेली असते, आणि काका कोणाला तरी सांगत असतात, 'एकच मिनिट, बेटा, एकच मिनिट.'

एकदा चष्मा विसरला म्हणून ते कॅमेरा चालू असतानाच उठले. त्या दिवशी एका रसायन कंपनीच्या अख्ख्या संचालक मंडळाने चौकड्यांची लुंगी पाहिली. कोणी हसलं नाही. चेअरमनने नजर खाली घातली आणि पुढचा ठराव वाचायला घेतला. पुढे त्या कंपनीचा निकाल चांगला लागला, त्यामुळे काका त्या प्रसंगाला शुभ मानतात आणि अजूनही मोठ्या अभिमानाने सांगतात.

कंपनी तपासायची त्यांची पद्धत कुठल्या पुस्तकात सापडणार नाही. ताळेबंद ते उघडत नाहीत. 'ताळेबंद सीए बनवतो. सीएला मी ओळखत नाय,' असं त्यांचं म्हणणं. ते बघतात चेअरमनच्या मागची भिंत. गेल्या वर्षीचा पडदा आणि या वर्षीचा पडदा तोच असेल तर ठीक. पडदा नवा असेल तर पैसा कुठून आला याचा विचार करायचा. पडदाच नसेल तर विकायचं. चेअरमन घाम पुसत असेल तर एसी बंद आहे, एसी बंद आहे म्हणजे विजेच्या बिलावर डोळा आहे, आणि घरच्या बिलावर डोळा ठेवणारा माणूस कारखान्यात काय करत असेल ते सांगायलाच नको. पुस्तकांच्या कपाटाचं खोटं चित्र मागे लावणाऱ्याला तर काकांनी कधी माफ केलं नाही. 'ज्याला आपली खरी भिंत दाखवायची लाज वाटते तो नफा खरा दाखवील काय रे?' ते मला विचारत. दावे तपासणारा माणूस म्हणून मला ते पटायचं.

हे सगळं जायचं 'मुलुंड मल्टिबॅगर मंडळ' नावाच्या ग्रुपवर. मल्टिबॅगर म्हणजे घेतल्या किमतीच्या कितीतरी पट होणारा शेअर. मंडळातल्या कोणी असा शेअर प्रत्यक्ष पाहिला होता असं नाही, पण श्रद्धा दांडगी होती. ग्रुपचा अॅडमिन घाटकोपरचा एक दातांचा डॉक्टर. तो पेशंटच्या तोंडात कापूस कोंबून ठेवायचा आणि तेवढ्यात मोबाईलवर रॉकेटची चित्रं टाकायचा. मंडळात सगळे छोट्या छोट्या कंपन्यांच्या मागे. मोठ्या कंपन्यांबद्दल सगळ्यांनाच सगळं माहीत असतं, त्यात अफवेला जागा उरत नाही. छोट्या कंपनीबद्दल कोणाला काहीच माहीत नसतं, म्हणून तिच्याबद्दल काहीही म्हणता येतं.

अफवांच्या बाबतीत काकांचं स्वतःचं शास्त्र होतं. गाव कणकवलीकडचं, घरची कलमं, त्यामुळे ते आंब्याच्या भाषेत बोलत. नुकती ऐकलेली बातमी म्हणजे कैरी. ती नुसती बघायची. दोन वेगळ्या लोकांकडून आली की ती अढीत घालायची आणि चार दिवस गवत उचकायचं नाही. वास सुटला की घ्यायचं. आणि बातमी सोसायटीच्या वॉचमनपर्यंत पोचली की ती उतरली, म्हणजे आतून सडली. वॉचमनने एकदा लिफ्टपाशी त्यांना अदबीने विचारलं, 'काका, वो सोलरवाला लेना क्या?' काका तसेच मागे फिरले, घरी गेले आणि मंडळाला कळवून टाकलं की सोलर उतरला.

मात्र त्यांचा खरा मंत्र वेगळाच होता. 'बाहेर पडायला शिका.' घ्यायला कोणालाही येतं, विकायला अक्कल लागते, शेअरमध्ये जीव अडकवायचा नाही, हे ते लिफ्टमध्ये, जिन्यात, गणपतीच्या मंडपात, कुठेही सांगायचे. आमच्या खालच्या मजल्यावरच्या मुलाने चांगली नोकरी सोडली तेव्हा त्याच्या घरात सुतक असल्यासारखी शांतता होती. काका पेढे घेऊन गेले. 'बाहेर पडलास, शाबास,' म्हणाले. त्या मुलाची आई अजून त्यांच्याशी बोलत नाही.

असा हा माणूस. आता गॅस्केटची गोष्ट सांगतो.

कंपनीचं नाव सांगत नाही. सांगितलं तर तुमच्यातलं कोणीतरी उद्या सकाळी घेईल. ती गॅस्केट बनवायची, म्हणजे यंत्राच्या दोन भागांमधून तेल-पाणी गळू नये म्हणून मधे बसवतात ती चकती. मंडळात सगळे तिला 'गॅस्केट'च म्हणत. वर्षानुवर्षं तो शेअर एका जागी झोपून होता. मग एके दिवशी कोणीतरी कारखान्याच्या फाटकाचा फोटो टाकला. फाटकाला नवाकोरा रंग काढलेला. खाली एक वाक्य: 'रंग कोणी उगाच काढत नाही.'

संध्याकाळपर्यंत ती रेल्वेची ऑर्डर झाली. दुसऱ्या दिवशी ती फार मोठी ऑर्डर झाली. त्यानंतर रेल्वेचे अधिकारी येऊन गेले, त्यांनी काय खाल्लं, इथपर्यंत मंडळाला माहिती होती. शेअरला रोज अप्पर सर्किट लागू लागलं. म्हणजे एका दिवसात चढायची जेवढी परवानगी असते तेवढा तो सकाळीच चढायचा आणि मग दिवसभर नुसते घेणारे, विकणारा कोणी नाही. दातांच्या डॉक्टरने म्हणे बायकोच्या पाटल्या गहाण ठेवून घेतले. आमच्या नीलिमानेही घेतले. नीलिमा म्हणजे माझी बायको. भिशीचे पैसे होते. मला तिने सांगितलं नाही, कारण मी काय म्हणणार ते तिला ठाऊक होतं.

आणि गंमत म्हणजे मंडळात सर्वांत जास्त गॅस्केट होते मेस्त्रीकाकांकडे. कंपनी बाजारात आली तेव्हाच त्यांनी फॉर्म भरला होता. मग बोनसवर बोनस मिळत गेले आणि हा ढीग साचला. काका एका रात्रीत मंडळाचे सावकार झाले.

काकांना एकच मुलगी, प्राजक्ता. ती डोंबिवलीला भाड्याने राहायची. नवरा कुरिअर कंपनीत, ती एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये, पदरात शाळेतली मुलगी. दर अकरा महिन्यांनी घर बदलून ती कंटाळली होती. तिने डोंबिवलीतच एक फ्लॅट बघून ठेवला होता, शाळेच्या पलीकडच्या गल्लीत. बिल्डर दिवाळीपर्यंत थांबायला तयार होता, त्यापुढे नाही. सुरुवातीला भरायची रक्कम तिच्याकडे नव्हती. गॅस्केट चढला आणि ती रक्कम तिच्या बापाच्या खात्यात येऊन उभी राहिली.

'बाबा, विका,' ती म्हणाली.

'सभा होऊ दे,' काका म्हणाले.

ती पुढच्या रविवारी आली, पुन्हा म्हणाली. काका पुन्हा तेच म्हणाले. गंमत अशी की इकडे काका जगाला विकायला सांगत होते. वॉचमनने त्यांना गॅस्केटबद्दल विचारून झालं होतं. 'बातमी उतरली, बाहेर पडा,' असं त्यांनी मंडळात लिहिलं, आणि मंडळाने त्यांना घाबरट ठरवलं. फक्त नीलिमाने ऐकलं. तिने विकले आणि नफ्यातून मिक्सर आणला, तेव्हा मला सगळं कळलं. मी रागावणार होतो, पण मिक्सर चांगला होता.

एका रविवारी प्राजक्ता जाता जाता आमच्याकडे डोकावली. डोळे लाल. 'दादा, तुम्ही तरी सांगा ना त्यांना. शेजाऱ्यापाजाऱ्यांना विका म्हणतात आणि स्वतः बसलेत. अजून चढेल असं वाटतंय त्यांना. हे घर गेलं ना, तर मी पुन्हा घर बघायलाच जाणार नाही. कंटाळा आला मला.' नीलिमाने तिला चहा दिला. ती अर्धा पिऊन गेली.

मी त्याच संध्याकाळी काकांकडे गेलो. ते टायची गाठ सैल करून बाल्कनीत बसले होते.

'काका, तुमचंच म्हणणं आहे ना, शेअरमध्ये जीव अडकवायचा नाही म्हणून?'

'हो.'

'मग?'

'हा माल वेगळा आहे,' ते म्हणाले. 'सभा होऊ दे रे. सभेत मी विचारतो ऑर्डरचं. मग बघू.'

'तोवर पडला तर?'

'पडला तर पडला.'

मला त्यांचा राग आला. हाव माणसाला कुठे नेते ते मी दाव्यांच्या कागदांत रोज बघतो, आणि हा माणूस त्यातलाच निघाला असं माझं मत झालं. नीलिमाला मी तसं बोलूनही दाखवलं.

सभा सप्टेंबरच्या शेवटी होती. त्या दिवशी सकाळपासून काकांचं इंटरनेट बंद. कोपऱ्यावर रस्ता खणून कोणाची तरी केबल तोडली होती. आमचं दुसऱ्या कंपनीचं होतं, ते चालू होतं. सभेच्या थोडं आधी काका आमच्या दारात उभे, काखेत लॅपटॉप, वर कोट, खाली लुंगी. जिन्यातून तिसऱ्या मजल्यावरची बाई वर येत होती, ती तशीच खाली गेली.

आम्ही त्यांना जेवणाच्या टेबलाशी बसवलं. मागची भिंत रिकामी दिसू नये म्हणून नीलिमाने कॅलेंडर सरळ केलं. गडबडीत काका हेडफोन घरीच विसरले होते. मी आणायला उठलो तर म्हणाले, 'राहू दे, सुरू होतंय.' मला वाटतं, त्यांना आणायला लावायचे होते, पण वेळ नव्हता.

त्यामुळे आम्ही पहिल्यांदा पलीकडचा आवाज ऐकला. चेअरमन म्हातारे, बारीक, मागे खरी भिंत आणि खरा पडदा. ठराव झाले. मग भागधारकांना बोलवायला सुरुवात झाली. नावं पुकारणारी एक मुलगी होती. दिसत नव्हती, आवाजावरून तरुण वाटत होती. एकेकाचं नाव घ्यायची, तो बोलायचा, वेळ संपली की ती गोड आवाजात थांबवायची. काका टाय नीट करून, हात टेबलावर ठेवून बसले होते. एरवी ते स्वस्थ बसत नाहीत.

'आता आपल्या पुढच्या भागधारक,' मुलगी इंग्रजीत म्हणाली, 'श्रीमती सुहासिनी दिगंबर मेस्त्री.'

नीलिमा ओट्याशी उभी होती, ती वळली.

काकांच्या बायकोला, आमच्या सुहासकाकूंना, जाऊन तेव्हा काही वर्षं झाली होती. मी स्वतः खांदा दिला होता.

काकांचं बोट माइकच्या बटणाजवळ होतं, पण ते हललं नाही.

'सुहासिनी मॅडम, माझा आवाज येतोय का?' मुलीने विचारलं. 'सुहासिनी मेस्त्री मॅडम?'

काका ऐकत होते. दुसरा शब्द नाही त्याला. माणूस गाणं ऐकतो तसे डोळे मिटून नव्हे, चांगले उघडे ठेवून, पडद्याकडे बघत ऐकत होते. मुलीने तिसऱ्यांदा नाव घेतलं तेव्हा त्यांनी बटण दाबलं.

'नमस्कार, बेटा. मॅडमच्या वतीने मी बोलतो. दिगंबर मेस्त्री, संयुक्त भागधारक.'

त्या दिवशी त्यांनी मुखपृष्ठाचं कौतुक केलं नाही. सरळ म्हणाले, 'चेअरमनसाहेब, रेल्वेची ऑर्डर आहे की नाही तेवढं सांगा. आमच्याकडे लोकांनी दागिने ठेवून तुमचे शेअर घेतलेत. फाटकाला रंग दिलात म्हणून घेतलेत.'

चेअरमनना ही बातमी नवी असावी. 'अशी कुठलीही ऑर्डर नाही,' ते म्हणाले. 'फाटक गंजलं होतं.'

मंडळातले कितीतरी लोक ती सभा बघत होते. काकांचा मोबाईल टेबलावर थरथरायला लागला आणि बराच वेळ थांबला नाही. दातांच्या डॉक्टरचं म्हणणं होतं की काकांनी विचारायलाच नको होतं. न विचारता शेअर अजून चार दिवस चढला असता. बाकीच्यांचंही तेच म्हणणं पडलं. सभा संपायच्या आत काकांना ग्रुपमधून काढून टाकण्यात आलं. ज्यांनी त्यांचं ऐकून विकले नव्हते, त्यांनीच काढलं.

काकांनी मोबाईल उलटा ठेवला आणि टाय सोडायला घेतला. गाठ सुटेना. नीलिमाने पाणी आणून ठेवलं आणि समोर बसली.

'अजून काकूंच्या नावावर आहेत?' तिने विचारलं.

'दोघांच्या. पहिलं नाव तिचं,' काका म्हणाले. 'तेव्हा फॉर्म भरायचो ना, तर माझ्या नावाने एक शेअर लागायचा नाय. तिचं नाव पहिलं टाकलं की लागायचा. मग सगळेच तिच्या नावाने भरले. हिचा पायगुण, दुसरं काय. सभेला पण दोघं जायचो. चर्चगेटला हॉल असायचा. ही हॉलभर सगळ्यांना ओळखायची. बटाटावडा मिळायचा आणि एक पेढा. पेढा ही प्राजूला ठेवायची.'

'आता विकायचे तर?'

'विकायचे तर आधी तिचं नाव काढायला लागतं. दाखला जोडायचा, मयत म्हणून लिहून द्यायचं, मग खातं माझ्या एकट्याचं.' गाठ शेवटी सुटली. त्यांनी टाय हातात गुंडाळला. 'प्राजू तिला आई म्हणते. तुम्ही काकू म्हणता. मी तर नावाने कधी हाक मारलीच नाय, आमच्यात पद्धत नव्हती. सुहासिनी म्हणणारं कोण राहिलं सांग? या पोरी म्हणतात. दर कंपनीची पोर वेगळी, पण नाव नीट घेतात. आणि मॅडम म्हणतात. जन्मभर तिला कोणी मॅडम म्हटलं नव्हतं.'

या माणसाला मी हावरट ठरवलं होतं, आणि तो समोर लुंगीवर कोट घालून बसला होता. मला त्याच्याकडे बघवेना.

नीलिमा माझ्यासारखी नाही. ती बोलते. 'काका,' ती म्हणाली, 'काकू असत्या तर त्यांनी पहिल्या सर्किटलाच विकले असते आणि प्राजूच्या हातावर ठेवले असते.'

काका तिच्याकडे बघत राहिले. मग हसले. 'तां मात्र खरां,' म्हणाले. 'माझ्यापेक्षा तीच हुशार.'

दुसऱ्या दिवशी मी त्यांना स्टेशनजवळच्या ब्रोकरच्या ऑफिसात घेऊन गेलो. काउंटरवरच्या माणसाने कागद पुढे सरकवून कुठे कुठे सही करायची ते दाखवलं. एका जागी मयत व्यक्तीचं नाव स्वच्छ अक्षरात लिहायचं होतं. काका स्टोअर्सचे माणूस, अक्षर छापल्यासारखं. ते लिहायला त्यांना फार वेळ लागला. मागच्या माणसाने खाकरून दाखवलं तेव्हा मी वळून त्याच्याकडे बघितलं, मग तो खाकरला नाही.

त्या कामाला आठवडे गेले. तोवर गॅस्केट रोज आपटत होता. आता नुसते विकणारे, घेणारा कोणी नाही. काकांच्या हातात विकायची सोय आली तेव्हा ढिगाचा बराचसा भाग हवेत विरून गेला होता. तरी काही उरलं. त्यांनी एकही शेअर मागे न ठेवता सगळे विकले आणि पैसे मुलीला दिले. डोंबिवलीचा फ्लॅट त्यात बसला नाही. बदलापूरला बसला, त्याहून लहान. मुलीची शाळा बदलावी लागली.

वास्तुशांतीला प्राजक्ता सगळ्यांसमोर म्हणाली, 'बाबांनी वेळेवर ऐकलं असतं तर आज डोंबिवलीत असतो. पण हाव सुटत नाही ना माणसाची.' हसत म्हणाली, पण मनात होतं ते म्हणाली. मी तोंड उघडणार तेवढ्यात काकांनी माझा हात दाबला. नंतर गॅलरीत मला म्हणाले, 'तिला नको सांगू काही. बाप हावरट असलेला चालतो. रडका नको.' आणि आत जाऊन त्यांनी जावयाला बाहेर पडायला शिकण्याचं महत्त्व सांगायला घेतलं.

खातं एकट्याचं झालं तसं बाकीच्या कंपन्यांमधलं नावही बदललं. ते एकाच वेळी होतं, निवडता येत नाही. काकांना हे ठाऊक होतं. मला नंतर कळलं.

यंदा सभांचा हंगाम सुरू झाला. पहिली सभा वेफर्सवाल्यांची होती. काकांनी मला बोलावून घेतलं, म्हणाले लॅपटॉपचा आवाज नीट येत नाही. मी जाऊन बघितलं, आवाज व्यवस्थित होता. हेडफोन टेबलावर पडले होते, लावलेले नव्हते. कोट इस्त्रीचा होता. मी बाजूच्या खुर्चीवर बसलो.

नावं पुकारणारी मुलगी नवी होती. दोघे-तिघे बोलून झाले. मग ती म्हणाली, 'आता आपले पुढचे भागधारक, श्री. दिगंबर मेस्त्री.'

काका तसेच बसून राहिले. हात मांडीवर, नजर पडद्यावर, दुसऱ्या कोणाचा तरी नंबर असावा आणि आपण नुसते सोबत आलेले असावेत तसे.

'दिगंबर सर, माझा आवाज येतोय का?'

'काका,' मी हळूच म्हणालो, 'तुम्हाला बोलावतायत.'

'मला?' ते म्हणाले. माझ्याकडे बघितलं, पुन्हा पडद्याकडे बघितलं. बोट बटणापर्यंत गेलं आणि तिथेच राहिलं.

मुलीने आणखी एकदा नाव घेतलं. वाट पाहिली. मग तिच्यासमोर जे लिहून ठेवलेलं असेल ते तिने नम्रपणे वाचलं: भागधारक उपस्थित नाहीत असं दिसतं, आपण पुढे जाऊ.

'आसंय गो,' काका म्हणाले. 'आसंय मी.'

माइक बंद होता. ती पुढच्या माणसाचं नाव घेत होती.